साचेखात्यातला शेवटचा दसरा

मुंबई, ११ ऑगस्ट १९९२

प्रिय दिनूमामा,

नमस्कार नंतर करते, आधी बातमी. मला फिल्म मिळाली! नाचगाण्याची नव्हे, माहितीपट; पण दिग्दर्शक कोण, तर तुझी भाची. पाच वर्षं दुसऱ्यांच्या माहितीपटांवर वायरी गुंडाळल्या, चहा सांगितले, आता माझ्या नावाचा कागद दिल्लीहून आलाय. आईने तो दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा वाचायला शेजारी घेऊन गेली, म्हणून मूळ कागद या क्षणी माझ्यापाशी नाही.

आणि विषय कोण, सांग बघू? तुमचे इंदूरचे कृष्णराव घोलप! खजूरी बाजारातला एक स्टुडिओवाला, लग्नामुंजीचे फोटो काढता काढता चंद्रसेन मिलच्या कामगारांचे काढतो काय, आणि त्यातला एक फोटो देशभर गाजतो काय. आज कामगारांचे फोटो काढणारा प्रत्येक तरुण त्यांचीच नक्कल करतोय. आमच्यात त्याला ‘घोलप नजर’च म्हणतात. तो १९७९चा ‘दसरा, साचेखाते’ तू पाहिला असशीलच. तीसेक माणसं उभी, एकही कॅमेऱ्याकडे बघत नाही. सगळ्यांच्या माना एका बाजूला वळलेल्या, तोंडं उघडी. कॅमेऱ्याला दिलेला नकार आणि मूक आक्रोश, असं मी माझ्या प्रस्तावात लिहिलंय. आणि डाव्या कडेला तो एकच हात, कोपरापासून मनगटापर्यंत, घड्याळ बांधलेला! माणूस नाही, नुसता हात. मालकाने विकत घेतलेल्या वेळेचं इतकं जबरदस्त प्रतीक मी दुसरं पाहिलेलं नाही. त्या हातावर मी दीड पान लिहिलंय.

आता अडचण. पैसे देणाऱ्या दिल्लीच्या संस्थेची अट आहे की माणूस हयात आहे, तर तो स्वतः फिल्ममध्ये दिसला पाहिजे, बोलला पाहिजे. ऑक्टोबर संपायच्या आत तसं चित्रण दाखवलं नाही, तर मंजुरी रद्द. आणि मी तीन पत्रं टाकली, घोलपांचं एकालाही उत्तर नाही. तू त्याच मिलमध्ये टाइमकीपर होतास. तुझी त्यांची ओळख असणारच ना? मामा, माझं सगळं तुझ्यावर आहे.

मामीला आणि तुला वाकून नमस्कार.
तुझी पूर्वा


राजेंद्र नगर, इंदूर, १८ ऑगस्ट १९९२

चि. पूर्वा,

आशीर्वाद नेहमीचे आहेतच, आज त्यात दुप्पट भर घाल. तुझं पत्र आलं तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या तोंडाला साबण तसाच, आणि मी गल्लीत. समोरच्या बँकवाल्यांना सांगितलं, वरच्या मजल्यावर सांगितलं, पोस्टमनला परत बोलावून सांगितलं. तो म्हणाला, “भिया, पेले मुंह तो धो लो.”

कृष्णराव घोलपांचं म्हणशील तर काम झालं समज. ओळख कसली विचारतेस? एका कपातला चहा दोघांनी प्यायलेली माणसं आहोत आम्ही. प्रत्यक्ष अजून विचारलं नाही, पण विचारल्यासारखंच आहे.

मिल बंद पडून नऊ महिने होतील. भोंगा नाही, तरी मला पाचला जाग येते आणि मग तुझी मामी म्हणते, “झोपा, कुणाची हजेरी घ्यायचीय?” शहरात नवं नवं काय काय येतंय. छत्र्यांसारख्या तबकड्या गच्च्यांवर चढल्यात, घोलपांच्या स्टुडिओसमोर तासाभरात रंगीत फोटो देणारं मशीन आलंय. आमचे लोक मात्र पांगले. कोणी राऊला दुकानात, कोणी सांवेरला सोयाबीनच्या शेतात. तुझ्या फिल्मच्या निमित्ताने एवढ्या दिवसांनी माझ्या अंगात जोर आला बघ.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, तू रागावू नकोस. तो तुझा नकार आणि आक्रोश. अगं, ते मोजत होते!

साचेखात्यात, म्हणजे जिथे कापड विणायचे साचे असतात तिथे, आमचा एक रिवाज होता. दसऱ्याची पूजा झाली की सगळे साचे बंद ठेवून फक्त एक साचा चालू करायचा. मानाचा साचा. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, मोठ्याने आकडे म्हणणार आणि सगळं खातं त्याच्या सुरात सूर मिसळणार. शंभरच्या आत धागा तुटला तर त्या साच्याच्या विणकराने सगळ्यांना पेढे द्यायचे. शंभर पार झाले तर पेढे जॉबरचे. मग सांग, कोण कॅमेऱ्याकडे बघेल? सगळ्यांचे डोळे धाग्यावर आणि तोंडं आकड्यांनी उघडी. घोलप नेमके तेव्हाच फोटो घ्यायचे. साचा बाजूला, ते माणसांच्या समोर, तोंडांकडे बघत. फोटोत साचा कधीच आला नाही, म्हणून तुम्हा शिकलेल्या लोकांना आक्रोश दिसला.

त्या हाताविषयी मागाहून सविस्तर लिहीन. ते दीड पान तूर्त राहू दे.

तुझा
दिनूमामा


मुंबई, २७ ऑगस्ट १९९२

प्रिय मामा,

मी तुझं पत्र उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग नीरजला फोनवर वाचून दाखवलं. नीरज म्हणजे माझा कॅमेरामन. तो इतका हसला की पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला. मामा, ते मोजत होते! देशातल्या निम्म्या फोटोग्राफरांनी गेली दहा वर्षं माणसांना उगाच मान वळवून तोंड उघडायला लावलंय आणि खरी माणसं पेढ्यांसाठी आकडे मोजत होती! माझा अख्खा प्रस्ताव कोसळला, आणि मला आयुष्यात इतका आनंद झाला नव्हता. आता कुठे फिल्म सापडली. घोलपांनी हे कधी कुणाला सांगितलं का नाही? त्यांना ते लोक काय बघत होते हे ठाऊक तरी होतं का? हा माझा पहिला प्रश्न असेल.

पण मामा, एक भानगड आहे. मला धीर धरवेना, म्हणून काल एसटीडी बूथवरून मी स्टुडिओला फोन लावला. त्यांनी स्वतःच उचलला. मी नाव सांगितलं, काम सांगितलं, तोवर ऐकत होते. मग मी म्हटलं, “दिनानाथ माझा मामा.” फोन बंद. लाइन गेली असेल म्हणून पुन्हा लावला. म्हणाले, “उनसे कहना, अभी तक गुस्सा हैं तो हम भी हैं,” आणि परत बंद.

एका कपातला चहा ना? मग हे काय? खरं काय ते लिही. आणि तो हात कुणाचा, तेही.

पूर्वा


इंदूर, ५ सप्टेंबर १९९२

चि. पूर्वा,

तो हात माझा आहे.

आता हसून घे. झालं? मग पुढे वाच.

एकोणऐंशीच्या दसऱ्याला मला वाटलं, आपणही साचेखात्याच्या फोटोत यावं. नवा बुशशर्ट, भांग पाडलेला, सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ. सगळे धाग्याकडे बघत होते. मी एकटा छाती काढून सरळ कॅमेऱ्याकडे. इतका झकास फोटो माझा पुन्हा निघाला नाही. घोलपांनी मूळ छाप मला दिलाही होता. चार वर्षांनी तोच दिल्लीच्या प्रदर्शनात लागणार असं कळलं, तेव्हा मी राजेंद्र नगरात घरोघर सांगितलं की दिल्लीत आपला फोटो लागतोय. मग मासिक आलं. सगळे जमले. आणि पाहतो तर मला कापलेलं! उरलं काय, तर कोपर. मिलमध्ये दुसऱ्या दिवसापासून माझं नाव ‘कोहनी साहब’. माणूस गेटातून आत येताना हजेरीला नाव सांगायच्या आधी आपलं कोपर दाखवायचा.

मी स्टुडिओत जाऊन भांडलो. ते म्हणाले, “दिनू, सगळे खरे उभे होते, तू एकटा फोटोला उभा होतास.” मी म्हटलं, मग ते कोपर तरी का ठेवलंत? म्हणाले, “उसमें संताजी का कंधा कट रहा था.” संताजी, आमचा जॉबर, माझ्या शेजारी उभा होता. त्या दिवसापासून नऊ वर्षं आम्ही बोललेलो नाही. मी खोटं लिहिलं, पूर्वा. तुझी बातमी ऐकून इतकं हरखून गेलो होतो की हे भांडण मध्ये आणायची लाज वाटली. वाटलं, निस्तरेन आणि मग सांगेन. निस्तरलं नाही. स्टुडिओच्या कोपऱ्यापर्यंत तीनदा गेलो आणि तीनदा पोहे खाऊन परत आलो.

पण तुझी मामी माझ्यासारखी नाही. परवा मला न सांगता थेट स्टुडिओत गेली. म्हणे, “यांचं कोपर राहू द्या बाजूला, पोरीचं बोला.” पाऊण तास बसली. घोलप म्हणाले, चेहरा दाखवणार नाही, जन्मभर कॅमेऱ्याच्या मागे उभा राहिलो, आता पुढे जायचं वय नाही. मामी उठायला लागली तेव्हा मात्र त्यांनीच विचारलं, “साचे उचलणार म्हणतात, खरं का?”

खरं आहे. मिलचे साचे भंगारवाल्याने घेतलेत. दसरा झाला की ट्रक येणार. मामीने त्यांना तेच सांगितलं. मग म्हणाले, दसऱ्याला साचेखातं उघडलं, माणसं आली आणि एक साचा चालला, तर मी शेवटचा फोटो काढायला येईन. तुमच्या भाचीला म्हणावं, माझे हात घे, पाठ घे. चेहरा नाही.

एवढं झालंय. बाकी माझ्यावर जितकं चिडायचं तितकं चीड, पण दसऱ्याला ये.

दिनूमामा


मुंबई, १२ सप्टेंबर १९९२

मामा,

चिडायला वेळ नाही! आणि तू कोपर आहेस म्हणून तर आता तू मला जास्तच आवडतोस. दीड पान फाडलं.

दिल्लीला फोन केला. ते अडून बसलेत. नुसते हात आणि पाठ चालणार नाही, चेहरा हवा, नाहीतर दुसऱ्या कुणाला विषय देतो म्हणतात. तरी आम्ही येतोय. मी, नीरज आणि आवाज टिपणारा एक जण. मंजुरी राहो नाहीतर जावो, तो साचा चालताना मला पाहायचाच आहे.

नीरज म्हणतो, काळजी कशाला, लांबून मोठं भिंग लावून त्यांचा चेहरा हळूच टिपू, त्यांना पत्ताही लागणार नाही. मी अजून हो म्हटलेलं नाही. पण नाहीही म्हटलेलं नाही, मामा. पहिली फिल्म आहे माझी. तू काय म्हणतोस?

मिल कशी उघडणार? वीज तर तोडलीय ना? साचा चालेल? लवकर लिही, मला झोप लागत नाही.

पूर्वा


इंदूर, २४ सप्टेंबर १९९२

चि. पूर्वा,

आधी तुझ्या प्रश्नाचं. चोरून चेहरा घ्यायचा नाही. मला त्या माणसाचा कितीही राग असो, पण तीस वर्षांत त्यांनी आमच्यातल्या कुणाचा फोटो विचारल्याशिवाय काढला नाही. मंजुरी गेली तर आपण दोघं मिळून रडू, पण हे करायचं नाही. नीरजला सांग, मामाने कान धरलाय.

आता ऐक इकडची धमाल! मिलच्या ऑफिसात उरलेसुरले एक साहेब बसतात, त्यांच्याकडे चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला मामीच्या हातची चिवड्याची पुडी नेली. दसऱ्याला सकाळी नऊ ते एक गेट उघडणार. अट एकच, आत जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव रजिस्टरात हवं आणि जबाबदार माणूस गेटावर हवा. मी म्हटलं, साहेब, मी दुसरं काय केलंय जन्मभर?

विजेचं उत्तर संताजीने काढलं. त्याच्या जावयाचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे, लग्नात रोषणाईला लागतो तो मोठा जनरेटर तो देणार. साचा कोणता, तर एकशे बारा नंबरचा, मालोजी विणकराचा. मिल बंद झाली त्या दिवशीचं अर्धं विणलेलं कापड अजून त्याच्यावर तसंच ताणलेलं आहे. कुणी कापलं नाही, कुणी काढलं नाही. संताजी पाहायला गेला, तर उंदरांनी शेजारचे तीन साचे कुरतडलेत आणि हा एक शाबूत. चार दिवस तो तेल घालतोय, पुसतोय, धाग्यावरची धूळ रंग द्यायच्या कुंचल्याने झटकतोय. मालोजी सांवेरहून रोज पहिल्या बसने येतो. मी त्याला म्हटलं, जुना धागा आहे, शंभरच्या आत तुटणार, पेढे तयार ठेव. तर म्हणतो, “भिया, टूट जाए तो अच्छा. साल भर से किसी को कुछ खिलाया नहीं.”

साहेबांनी चाळीस माणसांची परवानगी दिलीय. कालपर्यंत बावन्न जणांनी निरोप पाठवलेत. चाळीसाच्या पुढे मला अंक येत नाहीत असं मी ठरवलंय.

तुम्ही आमच्याकडेच उतरायचं. मामीने गाद्या उन्हात टाकल्यात.

दिनूमामा

ता. क. मी गेटावरच राहीन. आत येणार नाही. आग्रह करू नकोस.


मुंबई, १० ऑक्टोबर १९९२

प्रिय मामा,

गाडीची वेळ झाली म्हणून धड बोलताही आलं नाही आपल्याला. तू रजिस्टर छातीशी धरून गेटावर उभा, मी रिक्षात. दोनदा नीरजला तुला बोलवायला पाठवलं, दोन्ही वेळा म्हणालास, “गेट सोडता येत नाही.” एकसष्ट माणसं आत सोडलीस आणि स्वतः बाहेर राहिलास! म्हणून आता तुला सगळं लिहूनच सांगते. कुणाकडून काही ऐकलं असलंस तरी माझ्याकडून पुन्हा ऐक.

आत शिरले आणि माझे पायच थांबले. शेकडो साचे, रांगेत, धुळीने एका रंगाचे. आणि मध्ये एकशे बारा नंबर, झेंडूच्या माळा घातलेला, कुंकू लावलेला, तेलाने चमकणारा. माणसं इस्त्रीचे कपडे घालून आली होती. एकमेकांना आपट्याची पानं देत होती आणि मिठ्या मारत होती, सुटायला तयार नव्हती. आमच्या आवाजवाल्याने कानावरचे हेडफोन काढून ठेवले, म्हणाला, आत्ता नाही जमणार मला.

घोलप काका आले, लाकडी कॅमेरा स्वतःच्या खांद्यावर. मी त्यांना सरळ सांगितलं, “काका, तुमचा चेहरा नसेल तर ही फिल्म होणार नाही. पण चोरून घेणार नाही. आमचा कॅमेरा तुमच्या पाठीमागेच राहील.” ते म्हणाले, “फिर मत बनाओ, बेटा.” इतक्या प्रेमाने म्हणाले की रागही येईना. मी नीरजला त्यांच्या मागे उभं केलं. मनातल्या मनात मंजुरीवर पाणी सोडलं आणि मामा, खरं सांगते, मला हलकं वाटलं.

पूजा झाली, नारळ फुटला. काकांनी माणसं लावली, काळ्या कापडाखाली शिरून नेम धरला, प्लेट घातली, बाहेर आले आणि रबरी फुगा हातात धरून उभे राहिले. तो दाबला की फोटो निघणार. जनरेटर सुरू झाला. संताजीने दांडा ओढला. साचा नुसता गुरगुरला. पुन्हा ओढला. काही नाही. तिसऱ्यांदा ओढला आणि धोटा सुटला! इकडून तिकडे, तिकडून इकडे, खट् खट् खट् खट्, आणि त्या अख्ख्या मेलेल्या खात्यात तेवढाच एक आवाज. माणसं ओरडली. मग संताजीने सुरू केलं, “एक! दो! तीन!” आणि एकसष्ट जण त्याच्याबरोबर. छपराचे पत्रे हादरत होते, मामा. कापड पुढे सरकत होतं. मिल बंद झाल्याच्या दिवशी जिथे थांबलं होतं तिथून पुढे!

सगळे धाग्याकडे बघत होते. तोंडं उघडी, डोळे चमकणारे. काका त्यांच्या तोंडांकडे बघत होते. वीस झाले, तीस झाले. मी त्यांच्या हाताकडे बघत होते, आता दाबतील, आता दाबतील. चाळीस. हात दाबेना. पन्नासला त्यांनी मान वळवली, जिकडे सगळे बघत होते तिकडे. फुगा हातातून सुटून लोंबकळायला लागला. आणि ते चालायलाच लागले! कॅमेरा सोडून माणसांमध्ये घुसले, मालोजीच्या शेजारी जाऊन वाकून उभे राहिले आणि धागा बघायला लागले.

आता त्यांचं तोंड आमच्याकडे होतं. नीरजचा कॅमेरा चालूच होता, हललाही नव्हता. तो हळूच म्हणाला, “पूर्वा, चेहरा.” गप्प राहिले असते तर काम झालं असतं. पण मी ओरडले, त्या आकड्यांच्याही वर, “काका, कॅमेरा चालू आहे! तुम्ही दिसताय!” त्यांनी बघितलंसुद्धा नाही. हात झटकला आणि माझ्याहून मोठ्याने ओरडले, “चलने दे, चलने दे! बातें मत कर, धागा देख!” आणि पुढचा आकडा सगळ्यांबरोबर म्हणाले. “सड़सठ! अड़सठ!”

मग मीही धागाच बघितला.

शहाण्णवला तुटला. छप्पर उडेल असा गलका झाला. मालोजी दोन्ही हात वर करून नाचत होता, “पेढे मेरे! पेढे मेरे!” हरलेला माणूस इतका खूश मी पाहिलेला नाही. लोक काकांना मिठ्या मारत होते. मग त्यांना आपल्या कॅमेऱ्याची आठवण झाली. ते परत गेले, प्लेट पाकिटासकट काढली. कोरी. शेवटचा फोटो काढलाच नव्हता. त्यांनी ती पिशवीत घातली, कॅमेरा खांद्यावर घेतला आणि कुणाशी न बोलता मागच्या दाराने निघून गेले. मी धावले, पण लोकांनी पेढे भरवायला मला धरून ठेवलं.

रीळ धुऊन आलंय. मामा, तो चेहरा! अडुसष्ट वर्षांचा माणूस आहे आणि जत्रेत पहिल्यांदा आल्यासारखा बघतोय. दिल्लीवाले हे पाहून नाही म्हणूच शकणार नाहीत. पण मी ते अजून पाठवलेलं नाही. “चलने दे” ते त्या भरात म्हणाले. नंतर एकट्याने घरी गेल्यावर काय वाटलं असेल? आयुष्यातला एवढा फोटो हुकला, तो आमच्यामुळे असं वाटलं असेल तर? फोन उचलत नाहीत. संमतीपत्र सोबत पाठवते आहे. त्यांची सही झाल्याशिवाय त्यातली फूटभर फिल्मही मी वापरणार नाही. महिनाअखेर शेवटची तारीख आहे.

मामीला पाठवू नकोस. या वेळी तू जा.

तुझी पूर्वा


इंदूर, २० ऑक्टोबर १९९२

चि. पूर्वा,

गेलो.

आधी पोह्यांच्या दुकानात गेलो हे कबूल करतो, पण खाल्ले नाहीत. तुझं पत्र खिशात होतं. ते माझं इतक्या वेळा वाचून झालंय की घड्यांवर फाटायला आलंय. गेटावर उभा राहून मी आकडे ऐकत होतो, पूर्वा. सत्तर ऐकले, ऐंशी ऐकले, नव्वदला तर मीही म्हणायला लागलो. एकट्याने, रस्त्यावर. तरी आत गेलो नाही. माझा हट्ट कसला आहे ते मला त्या दिवशी कळलं आणि स्वतःचाच राग आला.

स्टुडिओचं दार उघडंच होतं. आत दिवा नव्हता, गिऱ्हाईक नव्हतं. ते खुर्चीत बसले होते आणि ती कोरी प्लेट, पाकिटासकट, टेबलावर. मला वाटलं, आता हाकलतील. म्हणाले, “दिनू, तू आत का नाही आलास?”

मी म्हटलं, “तुम्ही पुन्हा कापलं असतंत.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “मी फोटो काढलाच नाही.” मी म्हटलं, ठाऊक आहे, पोरीने कळवलंय, तिला त्याचंच वाईट वाटतंय, तिला वाटतं तिच्यामुळे तुमचा फोटो राहिला. तर एकदम ताठ झाले. “तिच्यामुळे? वेडी आहे का? फोटो निघेल कसा, मी तिथे उभा होतो ना!”

मग बोलायला लागले ते थांबेचनात. नऊ वर्षांचं साचलेलं असेल. म्हणाले, दर दसऱ्याला तुम्हा लोकांची तोंडं बघितली. कोण किती आकड्याला हसतो, कोण नव्वदनंतर डोळे मिटतो, सगळं पाठ आहे. पण तुम्ही काय बघता ते कधी बघितलं नाही. वळलो असतो तर फोटो गेला असता. दर वर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी बघू. या वर्षी पन्नास आकडे झाले आणि मनात आलं, पुढचं वर्ष नाही.

मी विचारलं, “मग? कसं वाटलं?”

“एवढंच बघत होतात तुम्ही लोक? एक धागा?”

“एवढंच.”

“तीस साल?”

“तीस साल.”

मग म्हणाले, “क्या चीज थी यार!”

ट्रक गुरुवारी आले. मी त्यांना ते सांगितलं. त्यांना माहीत होतं, ते सकाळपासून मिलसमोरच्या फुटपाथवर उभे होते म्हणे, कॅमेरा न घेता. मीही तिथेच होतो, पलीकडच्या टोकाला. दोघांनी एकमेकांना पाहिलं नाही. एकशे बारा नंबर कोणत्या ट्रकात गेला यावर आमचा आता वाद आहे. ते म्हणतात दुसऱ्या, मी म्हणतो चौथ्या. रजिस्टर ठेवणारा मी आहे, त्यामुळे चौथ्या.

तुझा कागद पुढे केला. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. विचारलं, त्यात माझा चेहरा दिसतो? मी म्हटलं, स्वच्छ दिसतो, म्हणे जत्रेत पहिल्यांदा आलेल्या माणसासारखा. “अन् धागा? धागा दिसतो का नीट?” मी म्हटलं, ते पोरीला विचारावं लागेल. म्हणाले, विचार, आणि दिसत नसेल तर तिला म्हणावं, माणसं आकडे म्हणतात तो आवाज तरी पुरा ठेव, एकापासून शहाण्णवपर्यंत, मध्ये कुठे कापू नकोस.

हे “कापू नकोस” तोंडातून निघालं आणि त्यांचं त्यांनाच कळलं. माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं.

संमतीपत्र सोबत जोडतो आहे. सही वाकडी आली आहे, दिल्लीवाल्यांनी शंका काढली तर त्यांना सांग की खरी आहे, माझ्यासमोर झाली. सही करताना ते हसत होते आणि माझ्या हसण्याने टेबलही हलत होतं.

दिनूमामा